परत आलेले पैसे

प्रस्तावना

वीजबिल भरले, की फोनच्या पडद्यावर एक रंगीत पत्रिका उमटते. बोटाने ती खरवडली, की कधी सात रुपये निघतात, कधी एकवीस, तर कधी पुन्हा प्रयत्न करण्याचा नुसताच सल्ला. सुपरमार्केटच्या पावतीखाली 'या खरेदीचे पॉइंट ४२' असे छापलेले असते. मोबाइलचा रिचार्ज केला, तर भरलेल्या रकमेतले दहा-पंधरा रुपये खात्यात परत येतात. अशा रकमेला बाजारात 'कॅशबॅक' म्हणतात; मराठीत तिला 'परतावा' म्हणता येईल. रक्कम लहान असते. परंतु ज्या घरची मिळकत मोजकी, त्या घरात लहान रकमेलाही मोल असते. म्हणूनच हा पैसा कोठून येतो, त्याला कमाई म्हणता येईल काय, आणि तो मिळवताना पदरचे काय जाते, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही परतावा आणि बक्षीस यांतील फरक सांगू शकाल, घरखर्चाच्या वहीत परताव्याची नोंद करू शकाल आणि पाठात आलेल्या म्हणी व वाक्प्रचार योग्य ठिकाणी योजू शकाल.

जुनी रीत

खरेदीबरोबर थोडे अधिक मिळावे, ही अपेक्षा फोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. भाजी घेतली, की कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन हिरव्या मिरच्या पिशवीत पडल्याच पाहिजेत, असा ग्राहकाचा हट्ट असे आणि भाजीवालीही तो मोडीत नसे. दारावर बोहारीण येई. जुनी लुगडी, सदरे, जरीचे काठ तिच्यापुढे पडत आणि बरीच घासाघीस होऊन एखादे पातेले किंवा डबा घरात येई. या व्यवहाराला कोणी कमाई म्हणत नसे. पण गृहिणीच्या मनात त्याचा हिशेब पक्का असे. बोहारीण पातळ पत्र्याचे भांडे देते आणि जरीची किंमत मात्र बरोबर ओळखते, हे तिला ठाऊक असे. 'आवळा देऊन कोहळा काढणे' हा वाक्प्रचार अशा वेळी हमखास आठवे. लहानशी वस्तू देऊन मोठी वस्तू पदरात पाडून घेणे, असा त्याचा अर्थ. आवळा कोणाचा आणि कोहळा कोणाचा, हे ओळखणे हाच या पाठातील खरा प्रश्न आहे.

खरेदीच्या प्रमाणात पैसे परत देण्याची एक अत्यंत प्रामाणिक पद्धत इंग्लंडमध्ये सुरू झाली. लँकेशायर परगण्यातील रॉशडेल या गिरणगावात १८४४ साली २८ कामगार-कारागिरांनी थोडे थोडे पैसे जमवून स्वतःचे एक दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या असा मोजकाच माल त्यात होता. वजन चोख आणि माल निर्भेळ, हा त्यांचा बाणा होता. दुकानाला जो नफा होई, तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत मिळे. जगभरातील सहकारी ग्राहक भांडारांनी पुढे हाच नियम उचलला. येथे आवळाही सभासदाचा आणि कोहळाही सभासदाचा होता, कारण दुकानच त्याचे होते.

अमेरिकेत वेगळाच मार्ग निघाला. तेथे १८९६ साली स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरव्या रंगाची तिकिटे विकत असे. दुकानदार ती गिऱ्हाइकांना खरेदीच्या प्रमाणात देत. घरोघरी बायका ती तिकिटे पुस्तिकेत चिकटवीत, आणि पुस्तिका भरल्या की त्यांच्या बदल्यात घरगुती वस्तू मिळत. तिकिटांचे पैसे दुकानदाराने आधीच भरलेले असत. तेव्हा तो ते कोठून वसूल करीत असेल, हे सांगावयास नको. शिवाय जी पुस्तिका कधी भरलीच नाही, ती कंपनीच्या पथ्यावर पडे. आजच्या पॉइंटांनाही मुदत असते. मुदत संपली, की ते आपोआप शून्य होतात.

फोनवरचा परतावा

भारतात हा प्रकार घरोघरी पोहोचला तो फोनमुळे. २०१६ साली यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि ३० डिसेंबरला 'भीम' हे ॲप आले. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने 'तेज' हे ॲप भारतात आणले. पुढच्याच वर्षी त्याचे नाव 'गूगल पे' झाले. पैसे दिल्यावर खरवडण्याची पत्रिका मिळते, ही गंमत त्याने लोकांच्या अंगवळणी पाडली.

सरकारनेही या काळात एक योजना चालवली होती. २५ डिसेंबर २०१६ पासून 'लकी ग्राहक योजना' सुरू झाली. रोकड न वापरता लहान रकमांचे व्यवहार करणाऱ्यांपैकी रोज १५,००० जणांना प्रत्येकी १,००० रुपये मिळत. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे योजनेची सांगता झाली. एक कोटी रुपयांचे सर्वांत मोठे बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला मिळाले. तिने नव्या फोनच्या हप्त्यापोटी रुपे कार्डाने १,५९० रुपये भरले होते. ही बातमी तेव्हा घरोघरी चवीने वाचली गेली. परंतु हे बक्षीस होते, परतावा नव्हे. बक्षीस सोडतीने मिळते. ते एकाला मिळते तेव्हा असंख्यांना मिळत नाही. परतावा मात्र अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळावयास हवा. खरवडण्याच्या पत्रिकेत हे दोन्ही प्रकार बेमालूम मिसळलेले असतात, आणि म्हणूनच ती इतकी मोह घालते.

हा पैसा देतो कोण? जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून यूपीआयने होणाऱ्या देण्यावर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. म्हणजे परताव्याची रक्कम त्या शुल्कातून येत नाही. ती येते मुख्यतः जाहिरातीच्या खर्चातून. ॲपच्या कंपनीला ग्राहकाला सवय लावायची असते; बिस्किटांच्या किंवा साबणाच्या कंपनीला आपला माल त्याच्या हातात पडायला हवा असतो; आणि कोणते घर केव्हा, कोठे, कशावर खर्च करते, ही माहितीही त्यांच्या दृष्टीने मोलाची असते. सवय लागेपर्यंत हात सैल असतो. सुरुवातीला पन्नास रुपये देणारी पत्रिका वर्षभराने दोन रुपयांवर आणि मग नको असलेल्या वस्तूच्या सवलतीवर येते, हा अनुभव अनेकांना आला आहे. त्यात कोणी कोणाला फसवले असे म्हणता येणार नाही. पण रॉशडेलच्या दुकानाशी तिची तुलना करण्याचेही कारण नाही.

पाठगत प्रश्न

१. बोहारणीच्या व्यवहाराला गृहिणी कमाई का मानीत नसत?
२. रॉशडेलच्या दुकानातील परतावा आणि फोनवरचा परतावा यांचे पैसे कोठून येतात?
३. 'पथ्यावर पडणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.

एका घरची वही

इंदूरमध्ये होळकरांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशाच एका कष्टकरी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे. आकडे मात्र कोणत्याही घरात सापडतील असे आहेत. नवरा मालवाहू रिक्षा चालवतो. बायको घरी ब्लाऊज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करून देते. मुलगा आठवीत आहे. घरात सासूबाई आहेत. शिवणयंत्र पायाने चालवण्याचे आहे. दिवसभर पाय मारून सुनेचे गुडघे दुखू लागले आहेत. यंत्राला विजेची मोटर बसवायची, तर १,८०० रुपये लागतात. घरखर्चातून ते वेगळे निघत नाहीत. तेव्हा फोनवर आणि दुकानात जे परत मिळेल, ते मोटरसाठी बाजूला टाकायचे, असे सून जुलै महिन्यात ठरवते.

पहिल्या महिन्यात उत्साह दांडगा. रिचार्जवर १५ रुपये आले, गॅस सिलिंडरच्या नोंदणीवर २०. नणंदेला ॲप घ्यायला लावले, त्याचे ५० मिळाले. सुपरमार्केटमध्ये वाणसामान भरले, त्याच्या पॉइंटांचे २५ रुपये झाले. एका ठिकाणी ४९९ रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये परत मिळणार होते, तेही मिळवले. एकूण १६० रुपये. सुनेने आनंदाने सासूबाईंना आकडा सांगितला.

सासूबाईंनी आयुष्यभर घर चालवले होते. त्या म्हणाल्या, "जमा सांगितलीस. नावे काय पडले, ते सांग."

तेव्हा वहीचे पान मधोमध दुमडले गेले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सुपरमार्केटला जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे ६० रुपये होते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पायी जाता येत होते. ४९९ रुपयांची खरेदी करताना गरजेचे सामान ३८० रुपयांचेच होते. आकडा गाठण्यासाठी ११९ रुपयांची क्रीमची बिस्किटे आणि शांपू टोपलीत पडला होता. नावे बाजूची बेरीज १७९ झाली. १६० वजा १७९. महिन्याच्या शेवटी मोटरच्या डब्यात काही पडण्याऐवजी १९ रुपये अधिकच गेले होते.

"पण बिस्किटे मुलाने खाल्लीच ना?" सासूबाईंनी विचारले. "मग ती सगळी तोट्यात कशी धरतेस?"

"खाल्ली खरी, आई," सून म्हणाली. "पण ती आणायची ठरली नव्हती. पन्नास रुपयांसाठी आणली."

हा वाद सोडवणे वाटते तितके सोपे नाही. घरात आलेली वस्तू वापरली गेली, तर ती अगदीच वाया गेली असे म्हणता येत नाही. सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही सुनेची नोंद अधिक बरोबर मानावी लागेल. कारण वही मोटरसाठी मांडली आहे, आणि मोटरच्या दृष्टीने ते ११९ रुपये गेलेच. 'किमान खरेदी'ची अट असते ती याचसाठी. ज्याला ३८० रुपयांचे सामान हवे आहे, त्याच्यासाठी ४९९ हा आकडा मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो. हाताच्या अंतरावर, पण हातात नाही असा. 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' ही म्हण जुनी झाली, आणे व्यवहारातून गेले. म्हणीतला हिशेब मात्र गेला नाही.

वहीत आणखी एक गोष्ट लिहावयाची राहिली होती, आणि ती सुनेच्या उशिरा लक्षात आली. दुपारी शिवण बाजूला ठेवून ती फोनवर पत्रिका खरवडीत बसे, कोणत्या बिलावर कोठे अधिक मिळते ते शोधीत असे. रोज वीस-पंचवीस मिनिटे जात. तीन दिवसांच्या त्या वेळात एका साडीचा फॉल-पिको झाला असता, आणि दोरा वजा जाता त्याचे ६० रुपये हाती आले असते. महिन्याभरात फोनने जितके दिले नसते, त्याहून अधिक तिच्या सुईने दिले असते. वेळेची किंमत नावे बाजूला कोणी लिहीत नाही. कारण तिची पावती मिळत नाही.

ऑगस्टपासून वहीची रीत बदलली. जे बिल भरायचेच आहे, तेच फोनवर भरायचे. त्यावर आले तर आले. सुपरमार्केटला जायचे ते नवऱ्याची रिक्षा त्या बाजूला माल घेऊन जाणार असेल तेव्हाच, आणि घरून लिहून नेलेल्या यादीबाहेर टोपलीत काही टाकायचे नाही. वाण्याशीही एकदा बोलणे झाले. महिन्याचे सामान एकदम घेऊन रोख दिले, तर काही कमी कराल का, असे विचारताच तो म्हणाला, "भाभीजी, पॉइंट माझ्याकडे नाहीत. पण तेलाच्या पिशवीमागे पाच रुपये कमी घेईन." महिन्याला चार पिशव्यांचे वीस रुपये झाले. त्यासाठी काही खरवडावे लागले नाही, नावनोंदणी करावी लागली नाही, की फोन नंबर द्यावा लागला नाही. या वीस रुपयांची नोंद सासूबाईंनी स्वतःच्या हाताने केली.

पिन आणि उधारी

त्याच सुमारास एक फोन आला. बोलणारा अतिशय अदबीने म्हणाला, की या नंबरला १,९९९ रुपयांचा परतावा लागला आहे. पडद्यावर आलेल्या संदेशाला होकार द्या आणि पिन टाका. सुनेचा हात पिनपर्यंत गेलाही होता. मोटरची किंमत एका फटक्यात मिळत होती. शेजारी अभ्यास करीत बसलेला मुलगा म्हणाला, "आई, पैसे येताना पिन कशाला लागेल?" फोन बंद झाला.

मुलाचा प्रश्न पाठ करून ठेवण्यासारखा आहे. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला, की पैसे खात्यातून जातात. पूर्वी ठक पैशांची मागणी पाठवीत आणि ती परताव्यासारखी भासवीत. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीला अशी मागणी पाठवण्याची सोय बंद करण्यात आली. परंतु 'पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगणारे आणि खोटे दुवे पाठवणारे ठक अजून आहेतच. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकणे हीदेखील पैसे देण्याचीच क्रिया आहे. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी पुढे सरकलेली रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

क्रेडिट कार्डाचा परतावा हा याहून सभ्य दिसणारा धोका आहे. समजा, ५,००० रुपयांच्या खरेदीवर कार्डाने १ टक्का, म्हणजे ५० रुपये परत दिले. बिल मुदतीत पूर्ण भरले, तर ते ५० रुपये खरोखरच ग्राहकाचे. ते भरता आले नाही आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज लागले, तर एका महिन्याचे व्याज होते १७५ रुपये; त्यावरचा कर वेगळा. पुष्कळ कार्डांचे व्याज याच्या आसपास असते, आणि बिल अपुरे भरल्यास ते खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. ज्याची मिळकत दर महिन्याला सारखी नसते, त्याने हा आकडा आधी पाहावा आणि ५० रुपयांचा नंतर. रिक्षा चालवणाऱ्या या घराला असे कार्ड देऊ करण्यात आले होते. नवऱ्याने ते घेतले नाही. पावसाळ्यात रिक्षा आठ-आठ दिवस उभी राहते, एवढेच कारण त्याने सांगितले.

पुढच्या जूनअखेर वहीची बेरीज झाली. ऑगस्टपासूनच्या अकरा महिन्यांत रिचार्ज, गॅस, पॉइंट आणि वाण्याची सूट मिळून ६१२ रुपये साठले होते. त्यातून जुलैचे १९ वजा गेले, उरले ५९३. फोन खरवडण्याचे सोडल्यावर दुपारच्या वेळात वीस साड्यांचे जादा काम झाले होते, त्याचे १,२०० रुपये वेगळ्या पानावर होते. दोन्ही मिळून १,७९३. दुकानदार १,८०० वरून खाली यायला तयार नव्हता. सात रुपये सासूबाईंनी आपल्या बटव्यातून काढून दिले आणि घरी आल्यावर ते वहीत नावे लिहायला सांगितले.

शब्दार्थ

घासाघीस – किंमत कमी करण्यासाठी केलेली ओढाताण. निर्भेळ – भेसळ नसलेला. बाणा – ठाम रीत, ब्रीद. जमा – आलेली रक्कम. नावे – खर्ची पडलेली रक्कम. बटवा – पैसे किंवा पानसुपारी ठेवण्याची कापडी पिशवी.

स्वाध्याय

१. सून आणि सासूबाई यांच्यातील बिस्किटांविषयीच्या वादात तुम्हाला कोणाचे म्हणणे पटते? सकारण लिहा.
२. 'वेळेची किंमत नावे बाजूला कोणी लिहीत नाही; कारण तिची पावती मिळत नाही.' या विधानाचा अर्थ तुमच्या कामातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. एका दुकानात ७९९ रुपयांच्या खरेदीवर ८० रुपये परत मिळतात. तुम्हाला ६५० रुपयांचेच सामान हवे आहे. जमा व नावे अशा दोन बाजू मांडून हिशेब करा.
४. तुमच्या घरात गेल्या महिन्यात आलेल्या कोणत्याही तीन पावत्या घ्या. त्यांवर सवलत, पॉइंट किंवा परतावा दाखवला असल्यास तो मिळवण्यासाठी काय करावे लागले, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळींत लिहा.